‘कोठवर?’ विचारणारी स्तोत्रं आपण उपासनेतून हद्दपार केलीत का?

परळची_थोरली (धागा सुरू करणारी)

जय ख्रिस्त मंडळी. मागच्या महिन्यात एका घरी सांत्वनाच्या प्रार्थनेला गेले होते. तरुण मुलगा लोकलमधून पडून गेला होता. आमच्या तरुण संघाची पोरं गिटार घेऊन आली आणि त्यांनी एकामागून एक तीन जल्लोषाची गीतं म्हटली. हेतू चांगलाच होता. पण त्या मुलाची आई भिंतीकडे तोंड करून बसली होती ती शेवटपर्यंत वळली नाही.

मला माझी आई आठवली. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. वडील गिरणीत. दोन महिन्यांत आईचं कानातलं मोडलं, मग पितळी भांडी गेली. आई नगरकडची, चौथी शिकलेली. दिवेलागणीला ती बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ म्हणायची. सहाच ओवींचं आहे ते, आणि सुरुवातीलाच चार वेळा विचारलंय, ‘कोठवर?’ परमेश्वरा, कोठवर मला विसरणार? कोठवर तोंड लपवणार? पेटी नाही, तबला नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणायची, आणि ‘कोठवर’ला तिचा हात सुपावर आपटायचा. शेवटच्या दोन ओवींत गाणाऱ्याचं मन वळतं, तो परमेश्वराला गीत गाईन म्हणतो. काही संध्याकाळी आई तिथपर्यंत पोचायचीच नाही. चौथीलाच थांबून उठायची.

दीडशे स्तोत्रांत सर्वांत मोठा गट विलापाचा आहे. आपण गातो कोणती? २३, १००, १५०. माझं म्हणणं एवढंच, की रडणारी स्तोत्रं नेहमीच्या रविवारी, सगळं ठीक असतानाच गायला हवीत. दुःखाच्या दिवशी नवं गाणं कोणी शिकत नाही. तोंडात असेल तेच बाहेर येतं.

गिटारवाला_विक्रोळी

ताई, सलाम. त्या घरात आमचा संघ नव्हता, पण असता तर आम्हीही तेच केलं असतं, म्हणून राग न मानता बोलतो. आमची पोरं सहा दिवस कल्याण–सीएसएमटी लटकत जातात. रविवारी दीड तास मिळतो. त्यात पुन्हा ‘मला विसरलास का’ गायचं? त्यांना उभारी हवी असते.

दुसरं, गायचं कसं? पवित्र शास्त्रातलं मराठी भाषांतर गद्य आहे. मूळ हिब्रू कवितेत यमक नसतंच, एकच गोष्ट दोन ओळींत फिरवून सांगतात. आपल्या कानाला मात्रा लागतात. मी स्तोत्र ४२ला चाल लावायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्या ओळीतच सम हुकते.

वसईची_सून (हल्ली बोरिवली)

आमच्याकडे कॅथलिकांत हा प्रश्न अर्धा सुटलाय. १९६२–६५च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, मराठीत आली, आणि पहिल्या वाचनानंतर दर रविवारी प्रतिसाद स्तोत्र असतंच. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं, त्यामुळे आनंदाची, रडण्याची, पश्चात्तापाची, सगळ्या जातीची स्तोत्रं फिरून येतात. आपल्या मूडवर काही नसतं, हा मोठा फायदा.

पण खरं सांगू? निम्मे लोक प्रतिसाद पुटपुटतात, पान शोधेपर्यंत स्तोत्र संपलेलं असतं. आणि कात्री आम्हीही लावलीय. धर्मगुरू रोज ठरावीक वेळांना जी ‘तासांची प्रार्थना’ म्हणतात, तिच्या १९७१च्या आवृत्तीतून ५८, ८३ आणि १०९ ही शापांची स्तोत्रं पूर्ण वगळली. बाबेलच्या नद्यांकाठचं १३७वंही शेवटची वाक्यं सोडून म्हणतात. त्यात शत्रूच्या तान्ह्या पोरांबद्दल जे आहे ते चर्चमध्ये मोठ्यानं म्हणवत नाही, मान्य. पण माणसाच्या मनात तसलं येतं, हे निदान बायबलनं लपवलं नव्हतं.

युनियनवाल्याचा_पोरगा

थोरलीताई, माझेही वडील त्याच संपात होते. अडीच लाख कामगार रस्त्यावर होते आणि आमची मंडळी काय करत होती? प्रार्थनासभा. गाणी म्हणून पोट भरत नाही. तांदूळ आणून दिला तो वरच्या मजल्यावरच्या मालवणी काकूंनी. मला तर वाटतं, स्तोत्रांनी आमच्या लोकांना गप्प बसवलं. वर गाऱ्हाणं घातलं की खाली भांडायची गरज उरत नाही.

परळची_थोरली

तुमचं निम्मं खरं आहे आणि ते मला टोचतंय, कारण आमच्याही घरी तांदूळ शेजारणीनंच दिला होता. पण गप्प कोणत्या स्तोत्रांनी बसवलं? ९४वं काढून वाचा. विधवेला, परक्याला, पोरक्याला मारणाऱ्यांची नावं नाहीत, बाकी सगळं आहे. देवालाच ‘ऊठ’ म्हणून हुकूम केलाय. हे मंडळीत कधी गायलंच नाही आपण. गायलो असतो तर पाळकसाहेबांना मालकाच्या पाहुणचाराला जाताना थोडं अवघडलं असतं. (आमच्या पाळकांबद्दल बोलतेय, सगळ्यांच्या नाही.)

आणि गिटारवाले दादा, मात्रांचा प्रश्न ना. वा. टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी सोडवलाय. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचा. अभंग, भजन, ख्रिस्ती कीर्तन, सगळं त्यानं उपासनेत आणलं. तुकोबा विठ्ठलाशी कसे भांडतात हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. शब्दशः भाषांतराला चाल लावू नका, स्तोत्राचा अभंग करा.

इस्रायल_मोहल्ल्यातला

मी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, सहज वाचत होतो. ही मूळची आमची गाणी, म्हणून चोंबडेपणा करतो. आमच्यात आजाऱ्याच्या उशाशी आणि मयताच्या घरी तेहिलीम, म्हणजे हीच स्तोत्रं, वाचतात, हिब्रूत. माझ्या आजीला अर्थ निम्मा कळायचा, पण आजोबा आजारी असताना ती एकही दिवस चुकली नाही. उभारी वगैरे शब्द तिच्या तोंडी कधी ऐकला नाही.

नाव_नको

मी २०२१च्या एप्रिलमध्ये नवरा गमावला. कोविड. शेवटचं तोंडही पाहिलं नाही. तेव्हापासून मी चर्चमध्ये उभी राहते पण गात नाही. आनंदाचं नाही आणि रडण्याचंही नाही. थोरलीताई, तुमचं सगळं बरोबर असेल, पण ‘विलापाची स्तोत्रं आधार देतात’ हेही एक ओझंच आहे. आधार नाही मिळाला तर आमचंच काही चुकलं का?

परळची_थोरली

नाही हो. दोन दिवस तुमचं लिहिलेलं वाचतेय, उत्तर नाही माझ्याकडे. एक सांगते, पटलं नाही तर सोडून द्या. ८८वं स्तोत्र आहे, त्यात शेवटी मन वळतच नाही. अंधारावरच संपतं. कोणीतरी ते तसंच पुस्तकात राहू दिलं. येशूनं वधस्तंभावर म्हटलेलं ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हीसुद्धा बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. तुम्ही गाऊ नका. शेजारच्या बाकावर मी गात असेन, तेवढं चालेल का?

नाव_नको

चालेल. फार मोठ्यानं नको.

गिटारवाला_विक्रोळी

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. महिन्यातून एक रविवार, तोही एकच स्तोत्र, एवढं मी संघापुढे ठेवीन. १३वंच घेऊ, छोटं आहे. अभंगाचे शब्द कोण करणार?

जुना_तबलजी

शब्द वसईच्या सूनबाईंकडे द्या, लिहितात चांगलं. चाल जोगिया रागात बांधा. तबला मी आणतो, पण ‘कोठवर’ला ठेका बंद. तिथे हात सुपावर आपटतो तसा एकच ठोका, आणि गिटार दादांनी त्या जागी हात आवरायचा.