स्वमग्न मुलासोबत आईने रोज वर्गात बसावे का?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक):
माझा आठ वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. घराजवळच्या शाळेने त्याला प्रवेश दिला, मात्र मी रोज वर्गात त्याच्याशेजारी बसावे, नाहीतर शॅडो टीचरचा, म्हणजे वर्गात फक्त त्याच्या मदतीला बसणाऱ्या शिक्षकाचा, पगार आम्हीच द्यावा, अशी अट घातली आहे. गणपतीआधी मैदानावर ढोलाचा सराव सुरू झाला की तो कान दाबून बाकाखाली शिरतो आणि मला बोलावणे येते. त्याचे करणे मला जड नाही. पण शाळेच्या वेळेतही ती जबाबदारी माझ्या एकटीचीच आहे का?

विशेष शिक्षिका, नाशिकरोड:
ताई, नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे. कलम 16 प्रमाणे मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, हे पाहणे शासनाचे आणि स्थानिक संस्थांचे काम आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले आहे. मुख्याध्यापकांना कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या, एक प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागाला द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या. तोंडी बोलणे विरून जाते, हे मी अनेक पालकांबाबत पाहिले आहे.

तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, पंचवटी:
काळजीच्या नीतिविचारात अमेरिकी राजकीय विचारवंत जोन ट्रॉन्टो यांनी लक्ष देणे, जबाबदारी घेणे आणि ते काम नीट करता येणे यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट मांडली आहे: ज्याची काळजी घेतली जाते त्याचा प्रतिसाद ऐकणे. आपला मुलगा बाकाखाली जातो तो त्याचा प्रतिसादच आहे, आणि शाळा मात्र त्याला बेशिस्त समजून आईला फोन लावते. काळजी ही केवळ मायेची बाब मानली की ती आपोआप घरातल्या बाईच्या अंगावर पडते, म्हणून ती धोरणात, अंदाजपत्रकात आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात दिसलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

स्वमग्न वाचक, गंगापूर रोड:
माझी आई दोन वर्षे माझ्या वर्गात बसली. तिने माझ्यासाठी खूप केले, पण ती शेजारी असल्यामुळे मधल्या सुट्टीत डबा खायला मला कोणी बोलावत नसे. पुढे एका बाईंनी दुसऱ्या दिवशीच्या सरावाची वेळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला सुरुवात केली आणि त्या वेळी मला ग्रंथालयात बसण्याची मुभा दिली. मला तेवढे पुरले. अर्जात शांत जागा मागाल तेव्हा ती कोणती हवी हे आधी त्यालाच विचारा. बोलून सांगता येत नसेल तर शाळेतल्या खोल्यांचे फोटो त्याच्यापुढे ठेवा आणि त्याला वेळ द्या.