माल उतरवायची जागा कोण देणार?
शहरातल्या मालवाहतुकीच्या तंत्रज्ञानात खासगी कंपन्या पैसे घालतीलच, महापालिकेने कशाला घालायचे, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. जीपीएस, मार्ग ठरवणारं अ‍ॅप यावर त्या खर्च करतातच. इंधन वाचतं ना! पण माझं दुकान पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीजवळच्या गजबजलेल्या बाजारात. अ‍ॅप टेम्पोवाल्याला बरोबर दारात आणतं आणि तिथे गाडी लावायला जागाच नसते. दोन चकरा मारून तो बिचारा रस्त्यातच थांबतो, हमाल डोक्यावर खोकी घेऊन दुचाकींमधून वाट काढतो, मागे हॉर्नचा गोंगाट.
रस्ता सार्वजनिक आहे, तिथली जागा कोणती कंपनी आखणार? जानेवारी २०१६ मध्ये पुणे केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत आलं. सरकारी पैसा इथे लागायला हवा: माल उतरवायला राखीव जागा, ती रिकामी आहे का ते सांगणारे सेन्सर, मोबाइलवर आधी वेळ नोंदवायची सोय. बदल्यात कंपन्यांनी फेऱ्यांची माहिती पालिकेला द्यावी.