मदत हवी आहे: १६ तासांची फ्लाइट, वेळ कसा घालवू? (अर्जंट)

झुळूक
परवा रात्री निघतेय, १६ तास सलग, मध्ये कुठे थांबा नाही. आत्तापर्यंत जास्तीत जास्त ४ तासांची फ्लाइट केलीय. सर्च केलं तर सगळीकडे तेच ते, पिक्चर बघा पुस्तक वाचा झोपा. ते मला जमणार नाही म्हणून तर इथे विचारतेय. ज्यांनी खरंच असा प्रवास केलाय त्यांनीच सांगा प्लीज, आणि लवकर सांगा, पॅकिंग अजून अर्धं पण झालेलं नाही.

चार्जर_कुठाय
सीटच्या स्क्रीनच्या भरवशावर अजिबात जाऊ नका. मागच्या खेपेला माझा स्क्रीन टेकऑफनंतर अर्ध्या तासात गेला, दोनदा रिसेट करून दिला तरी नाही आला, मग अख्खा प्रवास मी शेजारच्याचे पिक्चर आवाजाशिवाय बघितले, त्यातल्या एकाची स्टोरी मला अजून कळलेली नाही. आधीच डाउनलोड करा आणि घरीच फ्लाइट मोड टाकून एकेक उघडून बघा, काही ॲपमध्ये डाउनलोडला पण मुदत असते आणि ती संपली की नेटशिवाय उघडतच नाही. ब्लूटूथ हेडफोन बऱ्याच विमानांत स्क्रीनला जोडता येत नाहीत, एक साधा वायरवाला टाका बॅगेत. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, २०००० एमएएचवाली साधारण ७४ होते, म्हणजे बिनधास्त.

बाराखडी
न्यायला बिनधास्त, वापरायला नाही. २०२५ पासून बऱ्याच एअरलाइन्सनी नियम कडक केलेत. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून विमानात पॉवर बँकेवर चार्जिंग बंद केलं, एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून. फोन घरूनच फुल करून निघा, पुढे सीटचं यूएसबी चाललं तर नशीब.

चार्जर_कुठाय
बरं. पण मी वापरली होती तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं.

बाराखडी
कधी?

चार्जर_कुठाय
२०२३.

जुनं_खोड
१६ तासांचं काय घेऊन बसलात. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते ४५, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास एअरलाइनच्या कॅटालिना उडत्या बोटी, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं, पर्थहून सिलोनला एका दमात जायच्या, २७ ते ३३ तास. प्रवासी फार तर तीन. एकाच प्रवासात दोनदा सूर्योदय दिसायचा म्हणून नावच पडलं डबल सनराइज. जपानी विमानांचा धोका, त्यामुळे रेडिओ गप्प. त्यांना कोण स्क्रीन देत होतं?

झुळूक
काका, शत्रूची विमानं असतील तर कंटाळा येईलच कशाला. माझ्या प्रश्नाचं बघा ना कोणीतरी.

खिडकीपाशी
आधी जरा माहिती द्या. एकट्या आहात की पोरंबाळं बरोबर? सीट कुठली? आणि "जमणार नाही" म्हणजे नक्की काय जमणार नाही?

झुळूक
एकटीच. सीट ४३ ई, मधली. स्क्रीनकडे किंवा पुस्तकात थोडा वेळ बघितलं की मळमळायला लागतं, आणि बसून झोप येत नाही. लिहिलंय ना वरती.

चार्जर_कुठाय
नाही लिहिलंत. मी एवढा निबंध लिहिला ना राव.

निवांत_निवांत
झोपेची एक गोळी, विषय संपला. मी दर वेळी घेतो, डोळे उघडतात ते लँडिंगलाच.

खिडकीपाशी
कृपया असले सल्ले देऊ नका. डॉक्टरला न विचारता गोळी घ्यायची आणि मग तासन्‌तास पाय न हलवता पडून राहायचं, पायात गुठळी होण्याचा धोका असाच वाढतो. दर एक-दोन तासांनी उठायचं, बसल्या जागी पण घोटे फिरवायचे. हवा कोरडी असते, पाणी पीत राहायचं.

निवांत_निवांत
दहा वर्षं घेतोय, काही झालं नाही.

खिडकीपाशी
सीटबेल्ट न लावणारे पण असंच म्हणतात.

पूर्वपश्चिम
जाताय पूर्वेला की पश्चिमेला? पूर्वेला असेल तर जेटलॅग जास्त जाणवतो, पोचल्यावर सकाळचं ऊन मिळतं का बघा, आणि दुपारी झोपू नका. घड्याळ विमानात बसल्या बसल्याच तिकडच्या वेळेवर लावून टाका.

झुळूक
जेटलॅगचं विचारलंच नाहीये हो. आधी पोचू तर दे.

सुया_आणि_लोकर
विणकाम!! नुसतं सुलट विणत राहिलं तर डोळे मिटूनही जमतं, त्यामुळे मळमळीचा प्रश्नच नाही. मी एका प्रवासात पूर्ण स्वेटरची पाठ केली, शेजारची मुलगी झोपायची सोडून माझ्याकडून टाके शिकत बसली. सुया नेऊ देतात का ते मात्र एअरलाइन आणि विमानतळ दोन्हीकडचं बघा. धातूच्यापेक्षा बांबूच्या बऱ्या, नाहीतर क्रोशाची सुई. कात्री अजिबात नाही, धागे घरी कापून ठेवा.

झुळूक
मला येत नाही हो. शाळेत एक मफलर अर्धा केला होता, तेवढंच.

सुया_आणि_लोकर
अर्धा आहे ना? मग उरलेला अर्धा १६ तासांत होतो.

मागची_रांग
मूळ मुद्द्यावर येते. मलाही गाडीत वाचता येत नाही. डोळे म्हणतात आपण स्थिर, आतला कान म्हणतो हलतोय, त्या भांडणात पोट बिघडतं. पण विमान वर जाऊन स्थिरावलं की गाडीसारखे हेलकावे नसतात, मी तिथे तासभर आरामात वाचते. हवा खराब असेल तेव्हाच बंद. ४ तासांच्या फ्लाइटमध्ये तुम्हाला त्रास झाला होता का?

झुळूक
…तिथे वाचून बघितलंच नाही. गाडीत होतं म्हणून.

चार्जर_कुठाय
अहो!!

मागची_रांग
तरी काळजी असेल तर सीट बदला. शेपटीकडे जास्त हलतं, पंखांच्या आसपास कमी. आणि मधली अजिबात नको, कडेची घ्या, दर वेळी कोणाला उठवायला लागणार नाही.

खिडकीपाशी
कडेची कशाला? खिडकीपाशी डोकं टेकता येतं आणि क्षितिज दिसतं, मळमळीला तेच बरं.

मागची_रांग
रात्रीचं क्षितिज? तुमचं नावच पक्षपाती आहे.
झुळूक, खरं साधन म्हणजे कान. एक लांबलचक ऑडिओबुक डाउनलोड करून पहिली दोन-तीन प्रकरणं आत्ताच ऐकून टाका, म्हणजे पुढे काय होतं याची उत्सुकता घेऊनच विमानात बसाल. इंजिनाच्या घरघरीत साधे इअरफोन कमी पडतात, आवाज कापणारे कोणाकडून उसने आणा. आणि नकाशावरचं ते विमान बघत बसू नका, दर पाच मिनिटांनी बघितलं तर ते हलतच नाही. उलट त्याच्याकडे पाठ करून मागे पँट्रीपाशी जाऊन उभं राहा, माझ्यासारखे अजून दोन-तीन जागे असतात तिथे, गप्पा होतात.

जुनं_खोड
अवांतर: त्या डबल सनराइजच्या प्रवाशांना प्रमाणपत्र पण मिळायचं.

पूर्वपश्चिम
पण पूर्वेला की पश्चिमेला?

झुळूक
पूर्वेला!! झालं?
सीट मिळाली, २८ सी, कडेची, पंखाजवळ. ऑडिओबुक डाउनलोड होतंय, अठरा तासांचं आहे म्हणजे उरेलच. माळ्यावरून अर्धा मफलर पण सापडला, सुया मात्र एकच. दुसरी शोधतेय, पॅकिंग राहिलं बाजूला.