न्यूरोपेप्टाइडचे रिसेप्टर एकमेकांवर परिणाम करतात, तो नेमका कोठे?

शिरपूरची विद्यार्थिनी:
नमस्कार. मी शिरपूर येथे एम. फार्म. करीत असून चर्चासत्रासाठी गॅलॅनिन (चेतापेशींनी स्रवलेले एक संदेशवाहक पेप्टाइड, म्हणजे न्यूरोपेप्टाइड) आणि म्यू-ओपिऑइड (मॉर्फिनसारखी द्रव्ये जेथे चिकटतात ते) रिसेप्टरांविषयी, म्हणजे पेशीपटलावरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनांविषयी, वाचत आहे. प्रत्येक पेप्टाइड आपापल्याच रिसेप्टरला चिकटत असेल, तर एका रिसेप्टरचा परिणाम दुसऱ्यावर होतो तो पेशीपटलावर की पेशीच्या आत?

अमळनेरकर:
ताई, दोन्हीकडे होतो. मात्र आतला मार्ग समजायला सोपा आणि अधिक निर्विवाद आहे. हायपोथॅलॅमसमधील भुकेचेच पाहा. अल्फा-एमएसएच हे पेप्टाइड एमसी-४ रिसेप्टरला चिकटले की जी-एस प्रथिनामार्फत (जी-प्रथिने रिसेप्टरचा संदेश पेशीच्या आत पोहोचवतात) सायक्लिक एएमपी हे पेशीतील संदेशवाहक द्रव्य वाढते आणि भूक ओसरते. उलट न्यूरोपेप्टाइड वाय आपल्या वाय-१ रिसेप्टरातून जी-आय प्रथिनामार्फत तेच सायक्लिक एएमपी घटवते. रिसेप्टरांचा परस्परांना स्पर्शही होत नाही, तरी हिशेब एकाच ठिकाणी होतो. (भरीत-पुरीच्या पंगतीत हा हिशेब कोणाच्या बाजूने लागतो, हे आपल्याकडे सांगायला नको.) शिवाय न्यूरोपेप्टाइड वाय स्रवणाऱ्या त्याच चेतापेशी एजीआरपी हे पेप्टाइडही सोडतात, आणि ते थेट एमसी-४ वरच बसून त्याचे काम दाबते.

जळगावचा संशोधक:
सरांचे म्हणणे योग्यच आहे, परंतु ताईंच्या जोडीबाबत चर्चा आहे ती पटलातील प्रत्यक्ष संलग्नतेची. रिसेप्टर पटलातच एकमेकांना बदलवतात ही कल्पना केल फुक्से आणि लुइजी अग्नाती यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी मांडली, तेव्हा ती फारशी कोणाला पटली नाही. 1998 च्या अखेरीस गाबा या मेंदूतील संदेशवाहक द्रव्याच्या गाबा-बी रिसेप्टरला दोन भिन्न घटक लागतात, एक गाबाला धरणारा आणि दुसरा जी-प्रथिनाला चेतवणारा, हे दिसले आणि वातावरण बदलले. गाबा पेप्टाइड नाही, पण तत्त्व तेच. मेंदूच्या व्हेंट्रल टेगमेंटल भागात (सुखभावनेशी निगडित भाग) गॅलॅनिन-१ आणि म्यू-ओपिऑइड यांची जोडी बनते व गॅलॅनिनमुळे ओपिऑइडचा संदेश मंदावतो, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले. मेथॅडोन हे ओपिऑइड औषध या जोडीवर मॉर्फिनपेक्षा बरेच क्षीण ठरते. त्याची धुंदी कमी का, याचे एक स्पष्टीकरण म्हणून हे पुढे केले जाते, आणि मला ते सर्वांत रोचक वाटते.

धुळ्याहून डॉक्टर:
येथे सावधगिरी हवी. सूक्ष्मदर्शकाखाली दोन रिसेप्टरांना दिलेले रंग एकाच जागी दिसले, एवढ्यावरून जोडी सिद्ध होत नाही. प्रथिने जवळजवळ आहेत का हे दाखवणारी प्रॉक्सिमिटी लायगेशन पद्धत सुमारे 40 नॅनोमीटर अंतरावरील प्रथिनेही ‘शेजारी’ म्हणून दाखवते, तर असा रिसेप्टर स्वतः जेमतेम 4-5 नॅनोमीटर रुंद असतो. ब्रेट (प्रथिनांमधील प्रकाशऊर्जेच्या हस्तांतरणावरून जवळीक मोजणाऱ्या) पद्धतीची मर्यादा 10 नॅनोमीटरच्या आसपास असली, तरी ती बहुधा प्रयोगशाळेतल्या पेशींत रिसेप्टर भरमसाट बनवून वापरतात, आणि अशा गर्दीत कोणीही कोणाला चिकटलेला दिसू शकतो. त्यापेक्षा रिसेप्टरच्या पटलात रुतलेल्या भागाची नक्कल करणारे पेप्टाइड देऊन जोडी विलग केली आणि त्यासरशी गॅलॅनिनचा ओपिऑइडवरील परिणाम नाहीसा झाला, हा पुरावा मला अधिक वजनदार वाटतो. चर्चासत्रात ताईंनी तोच आधी मांडावा, आणि त्याच रिसेप्टरच्या दुसऱ्या भागाची नक्कल करणाऱ्या पेप्टाइडने जोडी शाबूत राहिली का, हे तक्त्यात शेजारीच दाखवावे. परीक्षक पहिला प्रश्न बहुधा तोच विचारतील.