मागची काच घराच्या दारात बदलली की गाडीची अब्रू जाते का?

अर्धंछत

कन्व्हर्टिबल, म्हणजे छत घडी करून उघडता येणाऱ्या गाड्यांच्या दुसऱ्या एका चर्चेत तेलपाणी यांनी परवा फर्मावलं: “एवढी गाडी परवडते आणि मागच्या काचेसाठी व्हॅनमधून आलेल्या माणसाला फाटकाशी उभं करता? ज्यांना दारात छत चिकटवून घ्यायचंय त्यांनी हॅचबॅक घ्यावी.” उत्तर द्यायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, प्रश्न दारात की वर्कशॉपात हा नाहीच. काच छतात कशी बसवलेली आहे, हा आहे. पोर्शे बॉक्सटर घ्या. १९९६ला आली ती प्लास्टिकची खिडकी घेऊन. खरी काच, डीफॉगरसकट (काचेवरची वाफ घालवणाऱ्या गरम तारा), मिळाली २००३च्या मॉडेलला. पोर्शेच्याच ९९६ पिढीच्या ९११ कॅब्रिओलेला ती वर्षभर आधी मिळाली होती. मर्सिडीजच्या आर१२९ एसएलच्या सॉफ्ट टॉपमध्ये, म्हणजे कापडी छतात, तर प्लास्टिकच. आता शिवलेलं प्लास्टिक बदलायचं म्हणजे मागच्या कडेचं कापड सांगाड्यापासून सोडवायचं, शिवण उसवायची आणि नवी खिडकी छोट्या मशिनवर शिवायची. हात जाणता असेल तर फाटकाशी काय आणि छपराखाली काय, टाका तोच. घडीच्या हार्ड टॉपमध्ये, म्हणजे टणक छतात, कडक चौकट असते, तिथली काच साध्या बंद छताच्या कूपेसारखीच बसते. राहिली कापडाला चिकटवलेली काच. तिथे वादाला जागा आहे, नाही म्हणत नाही. पण तेलपाणी सगळ्यांना एकाच काठीनं हाणतात.

आणि शोरूमची थोरवी मला सांगू नका. कित्येक मॉडेलांच्या पार्ट्सच्या यादीत ही काच सुटी नसतेच. काच हवी तर कापडासकट अख्खं छत घ्या. माझ्या गाडीचं कापड नव्यासारखं, मोटर-हायड्रॉलिक ठणठणीत, फक्त काचेचा वरचा कोपरा सुटला होता. उत्तर आलं, पूर्ण छत बदला. दात दुखतोय म्हणून जबडाच काढायचा! शेवटी घरी येणाऱ्या माणसाकडून काच पुन्हा बसवून घेतली. अजून तरी जागची हललेली नाही.

तेलपाणी

नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. “अजून तरी” हे दोन शब्द मात्र तुमचेच आहेत, लक्षात ठेवा.

उघड्यावर युरेथेन, म्हणजे काच चिकटवायचा गोंद, लावायचं म्हणजे धूळ, वारा आणि अर्ध्या कापडावर ऊन. कडेवर धूळ बसलेली असली की गोंद धुळीला चिकटतो, कापडाला नाही. वेगात गेलं की छताच्या वर दाब कमी होतो, कापड फुगतं आणि काचेची कड सतत ओढली जाते. ही काही भिंतीतली खिडकी नाही.

आमच्या मेहुण्यानं हेच केलं. माणूस घरी आला, काच चिकटवली आणि जाताना म्हणाला, संध्याकाळी छत उघडायला हरकत नाही. हायवेवर कोपरा उचकटला आणि काच मागच्या झाकणावर आपटली. नवी काच, झाकणाला डेंटिंग-पेंटिंग, वर बायकोची बोलणी. वाचवलं काय? काहीही नाही. तुमचं सगळं तत्त्वज्ञान त्या आपटलेल्या काचेला ऐकवा.

रबरीकड

पोटापाण्यासाठी हेच काम करतो, वर्कशॉपातही आणि गिऱ्हाइकाच्या दारातही. दोघंही अर्धं बोलताय.

युरेथेन रंगासारखं वाळत नाही. हवेतला ओलावा घेऊन ते बाहेरून आत घट्ट होत जातं. बऱ्या हवेत साधारण ३-४ मिमी खोल जायला एक दिवस लागतो, कोरड्या थंडीत आणखी जास्त. ट्यूबवर “इतक्या वेळानं गाडी चालवा” असं जे छापलेलं असतं ते धातूच्या चौकटीत बसवलेल्या, न हलणाऱ्या काचेचा विचार करून. कापडातली काच घडी होताना कडेनं ओढली जाते. म्हणून मी गिऱ्हाइकाला बजावतो की गाडी हळू चालवा हवी तर, छत मात्र निदान दोन दिवस उघडायचं नाही. मेहुण्यांचा घोळ तिथे झाला. “संध्याकाळी उघडा” म्हणणारा माणूस एसी वर्कशॉपात असता तरी तेच म्हणाला असता.

दुसरी गोष्ट कापडाची. चांगलं छत तीन थरांचं असतं, वर ॲक्रिलिक, मध्ये रबर, आत अस्तर. मी आधी कड चिमटीत धरून बघतो. थर एकमेकांपासून सुटले असतील तर काच कितीही नीट चिकटवा, वरचा थर गोंदासकट निघून येणार. तिथे तेलपाणींचं बरोबर, छतच बदला. कड शाबूत असेल तर जुना गोंद खरवडायचा, काचेला प्रायमर लावायचा, सगळीकडून सारखा दाब द्यायचा आणि हात आवरायचा. पाऊस, वारा किंवा कडाक्याची थंडी असेल तर मी दारात काम करतच नाही, परत येतो. तशा हवेतही काम उरकणारे पुष्कळ आहेत, ते नाकारत नाही.

आणि हात जोडून सांगतो, सिलिकॉन नको.

गोगलगाय

सिलिकॉनच लावलंय. मस्त टिकलंय. उगाच भीती घालू नका.

रबरीकड

टिकेल हो. ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी त्या जागेवर दुसरा कुठलाही गोंद धरणार नाही. सिलिकॉनचा अंश कापडात मुरतो, तो निघत नाही. मग मला फोन करू नका, एवढंच.

स्पष्टवक्ती

काच, काच काय लावलंय? कापडाला काच चिकटवायची कल्पनाच बिनडोक आहे. एक वस्तू वाकते, दुसरी वाकत नाही, आणि मध्ये गोंदाची एक रेघ. कधी ना कधी सुटणारच. माझदा एमएक्स-५च्या १९८९च्या पहिल्या पिढीत किती सोपं होतं: चेन उघडा, खिडकी खाली पाडा, मग छत दुमडा. दुसऱ्या पिढीत काच दिली आणि सगळे खूश.

तेलपाणी

एमएक्स-५ लक्झरीत कधीपासून बसायला लागली?

स्पष्टवक्ती

छत चालू असेपर्यंत कुठलीही गाडी लक्झरीच असते. तुमच्या मेहुण्यांना विचारा.

अर्धंछत

ताई, प्लास्टिकचे हाल विसरलात का? उन्हानं पिवळं पडतं, त्यातला मऊपणा निघून जातो, थंडीत छत उघडलं की घडीवर तडा. जुन्या बॉक्सटरवाल्यांना छत अर्ध्यावर थांबवून हाताची कड मारावी लागायची, खिडकी नीट दुमडावी म्हणून. इतकी भारी गाडी, आणि सिग्नलला उतरून तिला चापट्या मारायच्या!

स्पष्टवक्ती

मारते की. आवडतं मला. डीफॉगर नाही म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी बंद गाडी घ्यावी.

बिनछत्री

मला या सगळ्यांत वेगळंच सांगायचंय. माझी मागची काच दगड लागून फुटली. टेम्पर्ड असल्यामुळे एका क्षणात हजारो खडे झाले. घरी येऊन बसवणाऱ्यानं नवी काच छान बसवली, खोटं का बोलू. पण पहिल्याच पावसात सीटखाली तळं. माझ्या गाडीत अलार्म आणि इमोबिलायझरचा (खरी किल्ली ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारा) डबा नेमका तिथेच. गाडी मेली, किल्ली ओळखेना.

नंतर कळलं की छत घडी होऊन जिथे बसतं त्या खळग्याच्या कोपऱ्यांत पाणी जायच्या नळ्या असतात, आणि एका नळीत पानांचा लगदा व काचेचे खडे अडकलेले. खडे कोणाच्या कामात पडले? त्याच्याच ना? मग नळ्या साफ करणं त्याचं काम नाही का? तो म्हणतो, काच बदलायचं ठरलं होतं, नळ्यांचं नाही.

रबरीकड

खडे उचलणं त्याचं काम, शंभर टक्के. फुटलेल्या काचेनंतर व्हॅक्यूम करून खळगा स्वच्छ होईपर्यंत मी छत हलवूही देत नाही, कारण घडीत एक खडा राहिला तरी कापड कापलं जातं. पण पानांचा लगदा त्याच्या एका भेटीत जमला नाही, ताई. तो तुमचा.

बिनछत्री

वा. म्हणजे फुटली काच, बुडाली गाडी, आणि दोष माझा?

सावलीशोध्या

दोष झाडाखाली गाडी लावणाऱ्यांचा. सॉफ्ट टॉप झाडाखाली लावणं हा गुन्हा मानला पाहिजे. पानं, चीक, पक्ष्यांची विष्ठा. त्या विष्ठेनं कापडावर डाग पडतात ते वेगळेच.

स्पष्टवक्ती

आणि उन्हात लावली की कापड विटतं, प्लास्टिक पिवळं पडतं. मग लावायची कुठे? दिवाणखान्यात?

सावलीशोध्या

कव्हर नावाची वस्तू असते.

गोगलगाय

ओल्या छतावर कव्हर घातलं की बुरशी. अनुभव आहे. कव्हरवाल्यांनी जरा गप्प बसावं.

सावलीशोध्या

सिलिकॉनवाल्यांनी आधी.

अर्धंछत

अहो, धागा काचेचा आहे.

तेलपाणी

तुमच्याच बाजूचे लोक नेताहेत तो झाडाखाली. आणि बिनछत्रींनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. वर्कशॉपात गाडी गेली असती तर नळ्यांत पाणी ओतून बघितलं असतं, तळ्याची वेळच आली नसती. दारात येणारा माणूस घड्याळ बघत असतो, त्याला पुढचं घर गाठायचं असतं.

बिनछत्री

मी तुमचं काहीही सिद्ध केलेलं नाही. नंतर गाडी शोरूमलाच नेली होती. त्यांनी डबा बदलून दिला, नळी नाही तपासली. ती शेजारच्या काकांनी शोधली.

तेलपाणी

बरं.

जुनाइंजिन

मी थोडा उशिरा. शोरूम वगैरे राहू द्या, इन्शुरन्सचं कोणी बोललंच नाही. माझा दावा “काच” या खात्यातून नाकारला, कारण म्हणे हा छताचा भाग. छताच्या खात्यातून नाकारला, कारण म्हणे फुटली ती काच. दोन्ही पत्रं जपून ठेवलीत. पॉलिसी घेताना मऊ छत आणि त्यातली खिडकी कुठल्या कलमात बसते हे लेखी विचारून घ्या. दारात की वर्कशॉपात हे नंतर भांडा.

स्पष्टवक्ती

ही दोन पत्रं फ्रेम करून लावा काका.

चौथागिअर

फेरारी ४८८ स्पायडरबद्दल कोणी सांगेल का? तिची मागची उभी काच बटणानं खाली-वर होते, छत बंद असतानाही. ती दारात बदलता येते का?

रबरीकड

ती कापडाला चिकटवलेली नाही, त्यामुळे वरचा गोंदाचा सगळा वाद तिला लागू नाही. दाराच्या काचेसारखी मोटरवर चालते. पण तिथपर्यंत पोचायला आजूबाजूचं ट्रिम काढावं लागतं. ती गाडी मी दारात उघडणार नाही. हे तेलपाणींना खूश करायला म्हणत नाहीये.

तेलपाणी

झालो तरी खूश.

ठीक आहे, लिहूनच टाकतो म्हणजे अर्धंछत शांत झोपतील. शिवलेलं प्लास्टिक दारात बदलायला हरकत नाही. हार्ड टॉपची काचही चालेल. चिकटवलेल्या काचेबद्दल माझं मत तेच, फक्त रबरीकडांसारखा “आज हवा बरी नाही, परत येतो” म्हणणारा कोणी असेल तर विचार करीन. असे किती आहेत ते तुम्हीच मोजा. आता लावा झेंडे.

अर्धंछत

झेंडे नकोत. “हॅचबॅक घ्यावी” तेवढं मागे घ्या.

तेलपाणी

ते मागे घेणार नाही. हॅचबॅक चांगली गाडी आहे.

चौथागिअर

डीफॉगरबद्दल एक. नवी काच बसली, पण मागची वाफ जातच नाही. फिटर म्हणतो, काच सदोष.

रबरीकड

काचेला दोष द्यायच्या आधी दोन्ही टोकांच्या वायरी बघा. छताच्या प्रत्येक घडीबरोबर त्या वाकतात, त्यामुळे जोडाशी तुटतात किंवा बसवताना लावायच्याच राहतात. डीफॉगर चालू करून मीटर लावा. टोकाशी व्होल्टेज येत नसेल तर काच निर्दोष. हे फिटर जायच्या आधी त्याच्यासमोर करायचं असतं.

बिनछत्री

आणि नळ्या? त्या साफ कशानं करायच्या? कंप्रेसरची हवा मारली तर चालेल का? शेजारचे काका तेच म्हणताहेत.

रबरीकड

काकांना थांबवा. हवेच्या जोरानं नळी आतल्या सांध्यातून सुटते, मग पाणी कुठे जातंय ते कळतही नाही. गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी घ्या, टोक गोल करा, हळूहळू आत सारा आणि मग तांब्याभर पाणी ओतून गाडीखालून बाहेर येतंय का बघा. दोन्ही बाजूंना.

सावलीशोध्या

आणि गाडी झाडाखालून काढा.

बिनछत्री

झाड माझं आहे. गाडीच्या आधीपासून आहे.