अहिराणी शब्द ऑनलाइन कोशात टाकतोय, पण आमच्याच गटात जुंपलीय. जाणकारांनी सांगावं

पारोळ्याचा झेरॉक्सवाला

जय खान्देश मंडळी.

पारोळ्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, असली कामं. सर्व्हर बसला (शेवटच्या तारखेला तो हमखास बसतो) की बाकावरची माणसं गप्पा मारतात आणि मी कान देतो. एरंडोलकडची आजी एक शब्द वापरते, भडगावकडचा माणूस त्याच वस्तूला दुसरंच म्हणतो. मी ते पाठकोऱ्या कागदांवर टिपून ठेवायचो. भाच्याने ती चळत बघून विक्शनरी दाखवली. म्हणाला, मामा, इथे कुणीही शब्द घालू शकतो, अर्थ मराठीत दे, हिंदीत दे, इंग्रजीत दे. तिथून हा नाद लागला.

मग व्हॉट्सअॅपवर गट झाला. साक्रीचा एक पोरगा, चाळीसगावच्या एक ताई, सटाण्याचे नाना, यावलकडचे दोघं, असे गोळा झालो. पहिले दिवस मजेत गेले. आता रोज रात्री भांडण.

पहिलं भांडण लिहिण्यावरून. ‘माझा भाऊ’ला आमच्याकडे ‘मना भाऊ’ म्हणतात, साक्रीवाला म्हणतो ‘मन्हा भाऊ’ असंच लिहा. रात्री तो पान बदलतो, सकाळी चाळीसगावच्या ताई ते परत फिरवतात. बदलांच्या इतिहासाचं पान उघडलं तर दोघांचीच नावं खाली खालीपर्यंत. ‘डोया’ लिहायचं की ‘डोळा’, त्यावरही तेच.

दुसरं भांडण मथळ्यावरून. अहिराणी ही वेगळी भाषा म्हणून घालायची, की मराठीखाली ‘बोली’ असं लिहून? यावलवाले म्हणतात, आमचं बोलणं अहिराणी नाहीच, लेवा आहे, सगळं एका पोत्यात भरू नका. खरंय त्यांचं, पण मग ठेवायचं कुठे?

तिसरं मला सगळ्यात जास्त टोचतंय. एकाकडे छापील अहिराणी शब्दकोशाच्या पानांचे मोबाइलने काढलेले फोटो आहेत. त्याचं म्हणणं, पानं वाटून घेऊ, महिनाभरात कोश भरून टाकू. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्याला समजेल असं सांगता येत नाहीये. तो म्हणतो, शब्द काय कुणाच्या बापाचे असतात का?

जळगावचा टवाळ

मना आणि मन्हा, दोन्ही टाका आणि झोपा. खरं सांगू का, तुमच्या गटात एवढ्या जोरात भांडणारी माणसं आहेत ही चांगली खूण आहे. आमच्या कॉलेजात असाच गट केला होता, तिथे भांडायलासुद्धा कुणी आलं नाही.

यावलची ताई

झेरॉक्सवाले भाऊ, मी बरीच वर्षं विक्शनरीवर संपादन करते, घरची बोली लेवा. त्यामुळे यावलवाल्यांची बाजू थोडी जास्त घेईन, आधीच सांगते.

‘मना’ की ‘मन्हा’ हे ठरवायची गरजच नाही. तिथे पानाचं नाव म्हणजे लिहिलेलं रूप. त्या पानावर भाषेचा मथळा, त्याखाली अर्थ. एकच लेखन चार भाषांत असलं तर एकाच पानावर चार मथळे येतात. ‘मना’ हे मराठीत ‘मन’चं रूप आहेच, अहिराणीत त्याचा मथळा खाली वेगळा. ‘मन्हा’चं स्वतंत्र पान करा आणि तिथे एका ओळीत “‘मना’चं पर्यायी रूप” असं लिहून दुवा द्या. म्हणजे साक्रीवाल्याचं काही हिरावलं जात नाही. सगळा मजकूर कोणत्या पानावर ठेवायचा हा प्रश्न उरतो. ज्या रूपाची वापराची उदाहरणं आधी मिळतील तिथे ठेवा. त्यात मान-अपमान काही नाही. मजकूर पुढे हलवता येतो.

आणि गटात एक नियम करा. दुसऱ्याचं संपादन एकदा उलटवलं, तर दुसऱ्यांदा हात लावायच्या आधी चर्चा पानावर कारण लिहायचं. व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं कारण चालणार नाही. ते पुढच्या वर्षी कुणाला सापडणार? उद्या नंदुरबारचं कुणी नवीन आलं तर त्याला कळलं पाहिजे की हे आधी बोलून झालंय.

आता मथळा. इंग्रजांच्या काळात ग्रियर्सनने केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात आहे, 1905 सालच्या. खानदेशी (अहिराणी तिच्यातच धरतात) तिथे नाही. ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली बोलींबरोबर आली, 1907 मध्ये. 2011 च्या जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली आहे, साडेअठरा लाखांहून जास्त लोक. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत अहिराणीला ‘एएचआर’ आहे आणि खानदेशीला ‘केएचएन’. भाषा की बोली हा वाद कट्ट्यावर खुशाल घाला, पण कोशात मथळा द्यायला एवढं पुरतं. अहिराणी वेगळ्या मथळ्याखाली टाका. लेवाच्या नोंदी मी मराठीच्या मथळ्याखाली ‘लेवा, यावल-रावेर’ असं लेबल लावून टाकते. आमची क्रियापदं, आमचे प्रत्यय मराठीला जास्त जवळ आहेत म्हणून. ‘ळ’चा ‘य’ आम्ही दोघंही करतो, तेवढ्यावरून आम्हाला एकत्र बांधू नका एवढंच मागणं.

फोटोवाल्या भाऊंना सांगा, शब्द कुणाच्या बापाचा नसतो हे अगदी बरोबर. पण अर्थ ज्या शब्दांत लिहिला ते वाक्य, दिलेलं उदाहरण, नोंदींची निवड आणि मांडणी, यावर कोशकाराचा हक्क असतो. आपल्या कायद्यात तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. अहिराणीचे छापील कोश अलीकडचे आहेत. आणि विक्शनरीवर आपण लिहितो ते कुणीही, अगदी विकण्यासाठीही वापरावं अशा परवान्याखाली देतो. जे आपलं नाही ते असं वाटून टाकायचं? कुणीतरी गावोगाव हिंडून एका जन्माचं काम केलं, त्याची पानं आपण एका महिन्यात उतरवून काढायची, हे परवाना नसता तरी मला पटलं नसतं. पुस्तक शेजारी जरूर ठेवा. आधी कानांनी ऐकलेला शब्द, मग पुस्तकात पडताळा, आणि अर्थ स्वतःच्या भाषेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती मोकळी आहे, ती हवी तेवढी वापरा. लेवासाठी बहिणाबाई आहेत. त्या 1951 ला गेल्या, कविता पुस्तकरूपाने आल्या 1952 ला. मरणानंतर छापलेल्या साहित्याची साठ वर्षं छपाईपासून मोजतात, म्हणजे 2012 अखेर ते संपलं. नंतरच्या आवृत्त्यांत पहिल्यांदा आलेल्या ओळी मात्र वेगळ्या मोजा.

आता तुम्ही विचारलंच नाहीत ते. तुमच्या यादीत उदाहरणाची वाक्यं आहेत का? नसतील तर ती यादी अर्धीच. इंग्रजी विक्शनरीवर मोठ्या, भरपूर छापल्या जाणाऱ्या भाषांतल्या शब्दाला तीन स्वतंत्र वापर लागतात, तेही वर्षाहून जास्त काळात पसरलेले. कमी छापल्या जाणाऱ्या भाषेला एक वापर किंवा एक उल्लेखही पुरतो, पण तो टिकाऊ ठिकाणचा हवा, आणि कोणती साधनं चालतील याची यादी आपणच करून ठेवायची असते. बाकावरच्या आजींचं वाक्य सोन्यासारखं आहे, पण ते नुसतं टाकलं तर उद्या कुणी पुरावा मागितल्यावर दाखवणार काय? छापलेली आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, अहिराणी कवितासंग्रह, स्थानिक दिवाळी अंक, यातून एकेक ओळ घ्या, पान नंबर लिहा. तुमच्या दुकानात अहिराणीतल्या लग्नपत्रिका येत असतील, त्यातही कामाचं खूप असतं. फक्त नावं-गावं तिथून उचलू नका.

शब्द मागू नका, काम विचारा. आमच्याकडे केळीच्या मळ्यात जाऊन ‘तुमचे शब्द सांगा’ म्हटलं तर माणूस गप्प बसतो. ‘यंदा मृगबाग की कांदेबाग?’ विचारलं की अर्धा तास थांबत नाही. पिलबाग कधी धरली, घड कधी निसवले, कमळ कधी मोडलं, सगळं ओघात येतं. कांदेबागेत कांदा नसतो, ऑक्टोबरच्या सुमाराला लावलेली केळी असते, हे शहरात बसून लिहिणाऱ्याला कसं कळावं?

सटाण्याचा नाना

मीच तो गटातला नाना. ताईंचं बरंचसं मान्य, एक सोडून.

लेबल लावताना जिल्हा लावू नका. आम्ही कागदावर नाशिक जिल्ह्यात. सटाणा, कळवण, मालेगाव पट्ट्यात अहिराणी चालते ती धुळ्याच्या अहिराणीची सख्खी बहीण. ‘नाशिक’ असं लेबल लागलं की वाचणाऱ्याला वाटतं हे गोदाकाठचं बोलणं. आणि जळगाव जिल्ह्यात तर अमळनेर-पारोळा एक बोलतं, रावेर दुसरंच. नंदुरबार 1998 पर्यंत धुळ्यातच होतं, जिल्हा वेगळा झाला म्हणून तिथल्या माणसाची जीभ बदलली का? तालुका लिहा. शक्य तिथे गाव लिहा.

आणि छापील पुरावा, छापील पुरावा हे जरा जपून. अहिराणीत छापलंय ते बहुतेक पुरुषांनी लिहिलेलं. खापरावरचे मांडे करताना बायका जे बोलतात, पीठ कसं तिंबलं, ते हातावर कसं वाढवलं, खापर किती तापलं, ते कोणत्या कवितासंग्रहात सापडणार? माझी मोठी वहिनी हे सगळं सांगते. तिचं बोलणं पुरावा नाही म्हटलं तर कोशात नुसता नांगर आणि बैल उरतील.

साक्रीचा, सध्या पुण्यात

नाना, तुमच्या वहिनींचा आवाजच पुरावा करता येईल. लिंग्वा लिब्र म्हणून साधन आहे, विकिमीडिया फ्रान्सने सुरू केलेलं. शब्दांची यादी द्यायची, पडद्यावर एकेक शब्द येतो, माणूस म्हणतो, थांबला की पुढचा शब्द आपोआप. सगळ्या फाइली नाव-भाषेसकट कॉमन्सवर (विकिमीडियाचा आवाज-चित्रांचा खुला साठा) चढतात आणि कोशाच्या पानावर लावता येतात. बोलणारी व्यक्ती कोणत्या गावची हे तिथेच नोंदवता येतं. पूर्ण वाक्यंही बोलून घेता येतात, निदान मी तरी तशीच घेतो. मात्र आधी वहिनींना नीट सांगा की हा आवाज कायमचा खुला राहणार, कुणीही वापरू शकणार. ‘हो’ म्हणाल्या तरच.

‘मन्हा’वाला मीच. ताईंचा तोडगा मान्य. मी भांडत होतो कारण माझ्या आजीच्या तोंडचा ‘ह’ कुणी खोडत होतं. पान वेगळं मिळतंय तर विषय संपला.

एक तांत्रिक गोष्ट. ‘काय करी ऱ्हायना’ मधला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन हलन्त देतात, काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्याला दोन्ही सारखंच, संगणकाला दोन वेगळे शब्द. म्हणून ‘ऱ्हायना’ची दोन पानं झालीत आणि दोघांना वाटतंय दुसऱ्याने आपली नोंद उडवली. युनिकोडची शिफारस ‘ऱ’ वापरायची आहे. सगळ्यांनी तेच वापरू, दुसरं पान पुनर्निर्देशित करू, म्हणजे ते उघडणारा आपोआप पहिल्यावर जाईल.

आणि कुणी विकिडेटावरच्या (विक्शनरीचाच भाऊबंद, माहितीचा खुला साठा) शब्दनोंदीत काम करणार असेल (2018 पासून तिथे शब्दही घेतात) तर विक्शनरीवरचा मजकूर तिथे जसाच्या तसा चिकटवू नका. तिथला परवाना सगळे हक्क सोडणारा, इथला श्रेय मागणारा. स्वतः लिहिलेलं असेल तर दोन्हीकडे टाका.

पारोळ्याचा झेरॉक्सवाला

सगळ्यांचे आभार. ‘ऱ्हायना’चं वाचून सकाळीच दोन्ही पानं उघडून पाहिली. बरोबर तेच झालंय. चाळीसगावच्या ताईंना फोन केला, त्या हसत सुटल्या.

फोटोवाल्या भाऊला यावलच्या ताईंचा परिच्छेद वाचून दाखवला. ‘जन्माचं काम’ वर तो गप्प झाला. त्याला आता छापलेल्या गाण्यांतून ओळी शोधायचं काम दिलंय, पान नंबरासकट. वाचनाचा दांडगा आहे, जमेल त्याला.

पुराव्याच्या बाबतीत मी नानांच्या बाजूने. छापील मिळालं तर छापील, नाही तर आवाज, आणि आवाजाखाली तालुका. कुणी नोंद काढून टाका म्हटलं तर चर्चा पानावर भांडू, भांडायची सवय आहेच. यावलवाल्यांची नोंद वेगळ्या लेबलाखाली, त्याला कुणी हात लावणार नाही.

येत्या रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून सगळ्यांना बोलावतोय. चार कॉम्प्युटर आहेत, नेट बरं आहे. ज्यांची खाती नाहीत त्यांची तिथेच उघडून देईन म्हणतो.

यावलची ताई

भाऊ, तेवढं करू नका. एका दिवसात एकाच नेट जोडणीवरून मोजकीच खाती उघडू देतात, नंतर अडवतात. पंधरा माणसं बसली तर निम्मी तशीच राहतील. ज्याने त्याने आधी घरून, आपापल्या मोबाइलवर खातं उघडून यावं, पासवर्ड कागदावर लिहून आणावा. मोबाइलच्या नेटवर कधी ‘हा आयपी अडवलेला आहे’ असं येतं, तेव्हा घाबरायचं नाही, वायफायवरून करून बघायचं. मी यावलहून दोघींना घेऊन येते. येताना केळी आणते, शेवभाजीचं तुम्ही बघा.

जळगावचा टवाळ

शेवभाजी असेल तर मलाही एक खातं उघडायचंय.