मदत हवी आहे: ससा ओव्हनमध्ये जातो, बाहेर बटाटा येतो

मंडळी, येत्या रविवारी भाचीच्या वाढदिवसाला ससा, मांजर आणि अस्वलाच्या आकाराची 40 बिस्किटं करायची आहेत. अंडं अजिबात चालणार नाही.

माझं प्रमाण: मैदा 200 ग्रॅम, अनसॉल्टेड बटर 100, पिठीसाखर 80, लागलं तर चमचाभर दूध. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) लहान आहे. 170 अंशांवर 12 मिनिटं, आधी तापवून. साचे मंगळबाजारातून आणलेले, पत्र्याचे, कडा चांगल्या धारदार आहेत. तरी सशाचे कान पसरून एकमेकांना चिकटतात आणि मांजराच्या मिशांच्या रेघा तर बुजूनच जातात. अस्वल तेवढं ओळखू येतं, पण ते मुळात गोलच!

पहिल्यांदा तूप घातलं होतं, तेव्हा सरळ नानकटाईच झाली. (चव झकास होती, घरच्यांनी संपवली.) मग बटरवर आले, बेकिंग पावडर पूर्ण काढली, गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला. फरक पडला, पण थोडाच. बडोद्याच्या या उकाड्यात लाटून साच्यानं कापेपर्यंत पीठ पुन्हा मऊ पडतं, कान उचलताना बोटाला चिकटून लांबतो. माझा संशय तिथेच आहे.

फ्रीझरमध्ये ओटीजीचा ट्रे मावत नाही, स्टीलचं ताट मावतं. तर कापलेले आकार ताटात गोठवून तसेच गारेगार, तापलेल्या ट्रेवर सरकवले तर चालतील, की तडकतील? आणि 200 पैकी 30 ग्रॅम मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर घातलं तर कान उभे राहतील का, कुणी करून पाहिलंय?